गावची धोकटी आणि घरचे पाते

मी रोज सकाळी जुन्या एकधारी यंत्राने दाढी करतो. दुधारी पाते सगळ्यांच्या परिचयाचे आहे. एकधारी पात्याच्या एकाच कडेला धार असते, दुसरी कडा म्हणजे जाड पाठ. अशी सात यंत्रे माझ्याकडे आहेत. काही मुंबईच्या चोरबाजारातून आणली, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, एक आजोबांच्या ट्रंकेतले. शिक्षकाने पुस्तके जमवावीत, हे काय, असे मित्र म्हणतात. पुस्तकेही आहेत. पण या यंत्रांनी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि तो छंदापुरता राहिला नाही. ज्याच्या गालाला गावचा न्हावी हात लावीत नव्हता, त्याच्या घरात हे यंत्र आले तेव्हा नेमके काय बदलले? आणि काय तसेच राहिले?

आमचा जिल्हा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. इथला जुना गावगाडा उरलेल्या देशावरच्यासारखाच होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून बलुतेदारीचा सगळा हिशेब मांडून ठेवला. त्यात न्हावी बलुतेदार आणि महारही बलुतेदार. खळ्यावर रास झाली की दोघांनीही आपापल्या वाट्यासाठी उभे राहायचे. न्हाव्याने कुणब्याची डोई करायची, लग्नकार्यात राबायचे, पाहुण्यांचे अंग रगडायचे. महाराने दवंडी द्यायची, सारा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे. दोघांचाही मालक एकच, तो म्हणजे गाव. या बलुत्याचे नाव आपल्या आत्मकथनाला देणारे दया पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा पुष्कळ पांढरपेशा वाचकांना हा शब्द नव्याने कळला.

महार गावाची सगळी कामे करी, मात्र गावच्या न्हाव्याची धोकटी महारवाड्याच्या शिवेवर थांबे. न्हावी म्हैस भादरतो पण महाराची हजामत करीत नाही, हे वाक्य आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. ते चमत्कृतीसाठी बोललेले नाही. म्हशीला भादरताना विटाळ होत नाही आणि माणसाला शिवताना होतो, ही त्या गावाची रीत होती आणि तिच्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते. मग वाड्यातलाच कोणीतरी एक वस्तरा बाळगून असे. चामड्याच्या पट्ट्यावर तो परजायचा आणि झाडाखाली बसून एकमेकांची डोई करायची. धार बरी असली तर बरे, नाहीतर रक्त आणि राख.

हे फक्त गरिबाच्या वाट्याला आले असे समजू नये. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याचे बालपण सांगितले आहे. वडील सुभेदार, घरात निवृत्तिवेतन येणारे. साताऱ्यात न्हावी होते आणि त्यांना देण्यासाठी पैसेही होते. तरी घरातल्या मुलांचे केस थोरली बहीणच कापी आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. शहर आणि पैसा असूनही न्हावी शिवत नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे ‘आता पैसा आला की प्रश्न आपोआप मिटेल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

न्हाव्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. हा समाज स्वतः शूद्र गणलेला. त्यांचे संत सेना महाराज वारकऱ्यांनी डोक्यावर घेतले, जसे चोखोबांना घेतले. पंढरीच्या वाटेवर दोघांचे अभंग चालले आणि वाट संपली की ज्याची त्याची जागा ज्याला त्याला मिळाली. याच समाजातल्या मुंबईच्या कारागिरांनी १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करणार नाही असे जाहीर केले. हातात वस्तरा असलेल्या माणसाने तो चालवायला नकार द्यावा आणि त्या नकाराने ब्राह्मणी रूढीची अडचण व्हावी, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे. पण ते मुंबईत घडले. तिथे न्हाव्याला रोख पैसा मिळत होता आणि गिऱ्हाईक बदलता येत होते. खेड्यातला न्हावी महारवाड्यात गेला असता तर दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर त्याला कोणी बसू दिले नसते आणि सुगीला खळ्यावरचा वाटाही गेला असता. गावाने एका बलुतेदाराला दुसऱ्यावर पहारेकरी नेमले होते, आणि त्या पहाऱ्याची मजुरी धान्यात चुकती होत होती.

या बंदोबस्ताला पहिली फट पाडली ती एका कारखान्याच्या वस्तूने. १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट घेतले. त्यांच्या ‘स्टार’ यंत्रात पाते म्हणजे उघड्या वस्तऱ्याचाच आखूड तुकडा, पाचरीसारखा जाड, आणि पुढे कातडी वाचवणारी दाते. शिकाऊ हातालाही गाल कापल्याशिवाय दाढी करता येऊ लागली. मात्र पाते पट्ट्यावर परजावे लागे. नंतर किंग कँप जिलेटने पातळ पत्र्याचे, दोन्ही कडांना धार असलेले, वापरून फेकायचे पाते काढले. १९०३ साली त्याची ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. १९१८ साली अमेरिकेच्या सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख यंत्रे मागवली. एका पिढीत न्हाव्याची खुर्ची घराघरात गेली.

इथे एकधारी आणि दुधारी यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. दुधारी पाते न्हाव्यापासून सोडवते आणि दुकानदाराला बांधते, कारण दर आठवड्याला नवे विकत घ्यावे लागते. जाड एकधारी पाते पुन्हा धार लावून वर्षानुवर्षे चालते. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये ‘रोल्स’ नावाचे यंत्र निघाले. ते निकेलच्या चपट्या डबीत असते. एका झाकणाला आतून दगड, दुसऱ्याला चामडे. डबीतच दांडा पुढेमागे करायचा, म्हणजे पाते प्रत्येक फेरीला कूस बदलते आणि खटखट आवाज करीत परजले जाते. आजोबांच्या ट्रंकेतले यंत्र हेच. दुकानावर किंवा दुसऱ्याच्या हातावर अवलंबून न राहता ज्याला चेहरा स्वच्छ ठेवायचा आहे, त्याच्यासाठीच जणू ते घडवलेले.

आजोबांकडे ते आले पलटणीतून. महार आणि सैन्य हे नाते जुने, पण सरळ नाही. १८९०च्या दशकाच्या आरंभी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात निकड पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. नगरला तर दारातच छावणी, भिंगारची. पलटणीत रोज दाढी करणे हा शिस्तीचा भाग. महारवाड्यातून गेलेला माणूस रजेवर परत यायचा तेव्हा त्याच्या पायात बूट आणि गालावर एकही खुंट नसे. आजी सांगायची, ते वेशीतून आले की ओट्यावरची माणसे बोलायची थांबत. बुटांपेक्षा गुळगुळीत हनुवटीच लोकांना जास्त झोंबे, असे तिचे मत. मला ते पटते. बूट सरकारने दिले म्हणता येते. चेहरा मात्र त्या माणसाने स्वतः, आरशात पाहून, कोणाची परवानगी न घेता साफ केलेला असतो. चेहऱ्यावरचा हा राग अजून जुना झालेला नाही. २०१७ साली गुजरातेतल्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार नोंदली गेली.

यंत्राचे हे श्रेय मान्य करूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. घरचे पाते आले आणि गावाची सोय झाली. न्हाव्याने नाही म्हणण्याची वेळच येईना, म्हणून अस्पृश्यता नाही असे गावाला म्हणता येऊ लागले. माझ्या तरुणपणी एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला विचारले होते, “तुमच्यात आता सगळे घरीच करतात, मग न्हाव्याचा आग्रह कशाला?” दाढी घरी होते, डोक्यामागचे केस स्वतःला कापता येत नाहीत, हे त्यांना सुचले नाही. आणि आग्रह केसांचा नव्हताच.

बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद १५ वर चर्चा चालली असताना ‘दुकान’ या शब्दाच्या अर्थाचा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला तो असा, की दुकान म्हणजे नुसती आत जाण्याची मुभा नव्हे. जो येईल त्याला मोबदल्यात सेवा देण्याची तयारी जिथे असते ती जागा. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने दुकानाच्या व्याख्येत धुलाईचे दुकान आणि केशकर्तनालय हे शब्द थेट घातले. सेवा नाकारणे गुन्हा ठरला. १९७६ साली त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि निदान एक महिना कैद ठेवली गेली. नकार अस्पृश्यतेमुळेच दिला असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद आहे. पण नकार सिद्ध व्हायला हवा ना! आणि तो शब्दांत दिला जात नाही. आज वस्तऱ्याला धार नाही, पाणी संपले, पाटलांकडे बोलावणे आहे, असा तो येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या गावांत न्हाव्याची सेवा दलितांना नाकारली जात असल्याचे आढळले. कायदा होऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

यात एक गमतीची गोष्ट आहे. विटाळवाद्यांचा आधार होता तो वस्तऱ्याचा: जो याच्या गालाला लागला तोच माझ्या गालाला कसा लागेल? आता कुठल्याही सलूनमध्ये कारागीर दुधारी पाते कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्यात बसवतो आणि गिऱ्हाईक उठले की टाकून देतो. ते अर्धे पाते म्हणजे एकधारीच. एका माणसाला लागलेली धार दुसऱ्याला लागत नाही. शास्त्रार्थाचा जो काही मुद्दा होता तो दोन-तीन रुपयांच्या पात्याने निकालात काढला.

आमच्या गावात आता एस.टी. थांब्याजवळ दोन सलून आहेत. पाटी आहे, आरसे आहेत, फिरती खुर्ची आहे. तिथे कोणाला नाही म्हटल्याचे अलीकडे ऐकले नाही. तरी आमच्या वस्तीतली पोरे केस कापायला मोटारसायकलवरून तालुक्याला जातात. का, म्हणून विचारले तर सांगतात, तिकडे फॅशन चांगली करतात. त्यांचे वडीलही तालुक्यालाच जात असत, सायकलवरून, आणि तेव्हा फॅशन नव्हती.