अ‍ॅलर्जी न होणारा कुत्रा : एका नावाची गोष्ट

घरात कुत्रा हवा असतो, पण कुणाला तरी त्याच्या जवळ गेले की शिंका येतात, डोळे चुरचुरतात. अशा घराला एक सल्ला हमखास मिळतो : केस न गळणाऱ्या जातीचा कुत्रा आणा, त्याची अ‍ॅलर्जी होत नाही. २००९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्या घरी कुत्रा आला, तेव्हाही मुलीच्या अ‍ॅलर्जीचा विचार करूनच जात निवडली होती. हा समज पसरायला मोठा हातभार लावणारी घटना ऑस्ट्रेलियात घडली.

१९८० च्या दशकात वॉली कॉनरन हे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या तेथील एका संस्थेत काम करीत. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीला असा कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. पूडल जातीचे कुरळे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी तेहतीस पूडल पारखले. एकही या कामाच्या स्वभावाचा निघाला नाही. शेवटी त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. त्याचे नाव सुलतान.

उरलेल्या दोघांना मात्र घर मिळेना. संकरित पिल्लू कुणालाच नको होते. तेव्हा कॉनरन यांनी 'लॅब्रॅडूडल' हे नाव शोधून वृत्तमाध्यमांपुढे ठेवले. लगेच मागणी सुरू झाली! पुढच्या वेतात दहा पिल्ले झाली. त्यांतलीही तीनच अ‍ॅलर्जीच्या कसोटीला उतरली. पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाव. हे आकडे नव्हेत.

आता कारण पाहू. अ‍ॅलर्जी केसांची नसते. कुत्र्याची लाळ, त्वचेचा कोंडा आणि मूत्र यांतल्या प्रथिनांची असते. केस ही प्रथिने फक्त वाहून नेतात. केस कमी गळले म्हणून प्रथिन तयार होणे थांबत नाही. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी घरांतल्या धुळीत 'कॅन एफ १' हे प्रमुख प्रथिन मोजले. तथाकथित सुरक्षित जातींच्या घरांत ते कमी आढळले नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील अभ्यासात तर अशा जातींच्या केसांत ते इतरांपेक्षा जास्तच निघाले. शिवाय एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही मोठा फरक होता.

हे अनपेक्षित नाही. एकाच आईबापांच्या पिल्लांना जनुकांचे वेगवेगळे संच मिळतात. सुलतानची भावंडे सुलतान नव्हती. आणि त्याची कसोटीसुद्धा एकाच माणसावर झाली होती. दुसऱ्याला त्याचा त्रास झालाही असता.

लॅब्रॅडूडलच्या नावाखाली कुत्र्यांची बेफाम पैदास झाली. २०१९ साली कॉनरन यांनीच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. अ‍ॅलर्जी होणार नाही या भरवशावर आणलेला कुत्रा शिंका सुरू होताच नकोसा होतो. तेव्हा जातीच्या नावावर न जाता, त्याच कुत्र्याच्या सहवासात काही तास घालवून पाहावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वर्गात ही गोष्ट सांगून एक प्रश्न विचारता येईल : तीनपैकी एका पिल्लावरून साऱ्या जातीबद्दल काय म्हणता येते, आणि काय म्हणता येत नाही?