दात वाढले, डोंगर चढला

गाडी मॉडिफाय करतो म्हटलं की घरचे ओरडतात ना? मग ही गोष्ट त्यांनाही ऐकवा.

1958 ची होंडा सुपर कब म्हणजे 50 सीसीची, शहरात फिरायची गाडी. अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉयसीचे डीलर हर्ब उल यांनी तिला मागे जास्त दातांचं स्प्रॉकेट आणि बटण टायर बसवले. वेग घटला, पण चाकाला जोर मिळाला. गाडी डोंगरवाटा चढू लागली. खप बघून होंडाने 1961 मध्ये स्वतःच ‘ट्रेल 50’ काढली.

पुढे 1968 मध्ये यामाहाची 250 सीसी डीटी-1 आली. ती ताकदवान, तर ट्रेल 50 हलकी, साधी. मला मात्र ट्रेलच जवळची वाटते; कारण तिची कल्पना कंपनीत नाही, एका डीलरच्या गॅरेजात सुचली.