उजवीकडचा अक्ष

पहिल्या नोकरीत मी लिहिलेला आणि लोकांनी खरोखर वापरलेला पहिला कोड म्हणजे एक्सेलचा एक मॅक्रो. जेमतेम चाळीस ओळींचा. चार वर्षं डेटा स्ट्रक्चर्स घोकून शेवटी काम काय मिळालं, तर चार्टच्या डाव्या-उजव्या बाजूचे आकडे नीट बसवायचं.

सपोर्टचा प्रोजेक्ट होता. डाव्या अक्षावर महिन्याला येणारी तिकिटं, उजव्या अक्षावर टीममधली माणसं. तिकिटं चार हजारांच्या घरात, माणसं वीस-बावीस. एकाच अक्षावर काढली तर माणसांची रेघ तळाला चिकटणार, म्हणून दोन अक्ष. अडचण अशी की एक्सेल अक्षाची टोकं स्वतःच्या मनाने ठरवतं. आकड्यांमधला फरक मोठा असला तर शून्यापासून सुरुवात, फरक थोडा असला तर मधूनच कुठूनतरी. दर महिन्याला चार्टचा चेहरा वेगळा. अक्षाचं टोक एखाद्या सेलला जोडून टाकायची सोयही एक्सेलमध्ये नाही, म्हणून मॅक्रो. मॅनेजर म्हणाले, "दोन्ही रेघा चार्टभर दिसल्या पाहिजेत, बाकी तू बघ." मी बघितलं. प्रत्येक रांगेतला सगळ्यात लहान आकडा अक्षाच्या तळाला नेला, सगळ्यात मोठा माथ्याला. झालं.

त्या सहामाहीत तिकिटं ४१०० वरून ३८०० वर आली होती आणि माणसं २२ ची २४ झाली होती. माझ्या चार्टवर एक रेघ छतावरून जमिनीवर कोसळत होती, दुसरी जमिनीवरून छताला भिडत होती. मधोमध भली मोठी फुली. मीटिंगमध्ये कुणी आकडे वाचले नाहीत, फुली वाचली. पुढच्या महिन्यात दोघांची कॉन्ट्रॅक्टं वाढवली नाहीत. त्यातला एक माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. चार्टमुळेच त्याची नोकरी गेली असं मी म्हणणार नाही, तेवढं माझं महत्त्वही नव्हतं. पण ती फुली मी काढली होती.

ही युक्ती माझ्या आधी कुणाकुणाला सुचली होती हे मी बऱ्याच नंतर शोधायला लागलो. शोधत मागे गेलो की विल्यम प्लेफेअरपाशी येऊन थांबावं लागतं. १७५९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा माणूस काही काळ वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे ड्राफ्ट्समन होता, म्हणजे एका अर्थी आपल्याच जातकुळीतला. १७८६ साली त्याने 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस' काढलं. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पैसे आणि त्यात आयात-निर्यातीच्या दोन रेघा, हा आज आपल्या पाचवीला पुजलेला प्रकार तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो. इंग्लंडच्या ईस्ट इंडीजशी चाललेल्या व्यापाराचाही चार्ट त्यात आहे. आपल्याकडून काय गेलं याची ती रेघ बघताना जरा चमत्कारिक वाटतं, पण तो वेगळा लेख. इथे मुद्दा एवढाच की त्या दोन्ही रेघा पौंडांत आहेत. त्यांच्यामधल्या जागेला अर्थ आहे: ती व्यापाराची तूट किंवा शिल्लक. रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा खरोखर काहीतरी घडलेलं असतं.

पुढे १८२१ साली, वयाच्या साठीनंतर, त्याने शेतीच्या मंदीवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यातला चार्ट फार प्रसिद्ध आहे. १५६५ ते १८२१, वरच्या कडेला कोणत्या राजाराणीचं राज्य होतं त्याच्या पट्ट्या, खाली गव्हाच्या भावाचे काळे खांब आणि त्यांच्या तळाशी आठवड्याच्या मजुरीची रेघ. गहू एका क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलला, किती शिलिंग आणि कुशल कामगाराला आठवड्याला किती शिलिंग. दोन्हींत शिलिंग आहे, म्हणून दोघांना एकच मोजपट्टी. वास्तविक एक धान्याचा दर आहे आणि दुसरा श्रमाचा. क्वार्टरऐवजी बुशेलचा भाव काढला असता तर खांब आठपटींनी बुटके झाले असते आणि मजुरी त्यांच्या डोक्यावरून गेली असती.

प्लेफेअरला सांगायचं होतं की मजुरीच्या मानाने गहू आता कधी नव्हे इतका स्वस्त आहे. म्हणणं बरोबर असेलही, पण त्याचाच चार्ट ते नीट दाखवत नाही. मासल्यासाठी गोल आकडे घेऊ. आधी मजुरी ५ आणि गहू ४०, नंतर मजुरी ३० आणि गहू ८०. डोळ्याला दिसणारं अंतर ३५ वरून ५० झालं, म्हणजे कामगाराची परिस्थिती बिघडली असं वाटतं. भागाकार करा: आधी एका क्वार्टर गव्हासाठी आठ आठवडे राबावं लागायचं, आता तीनही लागत नाहीत. त्याला हवी होती भागाकाराची एकच रेघ आणि त्याने काढल्या दोन वस्तू शेजारी-शेजारी. इतका हुशार माणूस, स्वतःच शोधलेल्या हत्याराने स्वतःचाच मुद्दा झाकून बसला.

त्याला निदान प्रत्येक रेघ तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावी लागायची. मोजपट्टी कुठून कुठवर घ्यायची हे आधी ठरवावंच लागे. ही सक्ती स्प्रेडशीटने काढून घेतली. १९७९ साली व्हिजिकॅल्क आलं, १९८३ मध्ये लोटस १-२-३. त्यात आकडेमोड आणि आलेख एकाच प्रोग्राममध्ये होते आणि मॅक्रोही होते. ते मॅक्रो म्हणजे सुरुवातीला अक्षरशः कळा दाबण्याची नोंद, आपण टाइप केलं असतं ते यंत्राने टाइप करायचं. १९९३ च्या एक्सेल ५ सोबत व्हीबीए आलं आणि चार्ट, त्याचा अक्ष, अक्षाचं किमान-कमाल या सगळ्याला कोडमधून हात लावता यायला लागला. तेव्हापासून मोजपट्टी एक तर सॉफ्टवेअर ठरवतं, नाहीतर माझ्यासारखा कुणी नवखा.

किंवा मोजपट्टी काढूनच टाकतात. २९ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीत प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेच्या प्रमुखांची सुनावणी चालू असताना अध्यक्ष जेसन शॅफेट्झ यांनी एक चार्ट दाखवला. २००६ ते २०१३ या काळात कर्करोगाच्या तपासण्या व प्रतिबंधक सेवा २०,०७,३७१ वरून ९,३५,५७३ वर उतरल्या. गर्भपात २,८९,७५० वरून ३,२७,००० वर गेले. दोन बाण, मध्ये फुली. उभा अक्ष नाहीच. त्यामुळे ३,२७,००० हा आकडा ९,३५,५७३ च्या वर जाऊन बसलेला. गर्भपाताविषयी तुमचं मत काहीही असो, नऊ लाखांवर सव्वातीन लाख चढत नाहीत. तो चार्ट बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. फुली ओळखीची होती.

मॅक्रो नंतर मी सुधारला. दोन्ही अक्षांचं शून्य एका उंचीवर आणायचं गणित सोपं आहे. डावा अक्ष उणे २० ते ६० असेल तर त्याचं शून्य तळापासून पाव उंचीवर येतं. उजवीकडे ० ते ९०० असेल तर त्याचं किमान उणे ३०० करायचं, म्हणजे १२०० मधले ३०० खाली, पुन्हा पाव उंची. मग ग्रिडच्या रेघा जुळाव्यात म्हणून दोन्हीकडे समान भाग. कोड छान चालतो. पण शून्य जुळलं तरी माथा मोकळाच राहतो. उजवीकडचे ९०० मी १८०० केले, खाली उणे ६०० केले, की शून्य जागच्या जागी आणि रेघ निम्मी बसलेली. हे आकडे कोणते असावेत याचं उत्तर कुठल्याही ओळीत लिहिता येत नाही. ते लिहिणाऱ्याला काय दाखवायचं आहे त्यावर ठरतं.

गेल्या महिन्यात तो जुना चार्ट आठवणीतून पुन्हा काढला. दोन्ही अक्ष शून्यापासून घेतले तर दोन जवळजवळ सपाट रेघा दिसतात, फुली नाही. मग प्लेफेअरने करायला हवा होता तो भागाकार केला. माणशी तिकिटं १८६ वरून १५८. म्हणजे मॅनेजरांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण १५८ हा आकडा टेबलावर असता तर कुणीतरी विचारलं असतं, का? आणि मी सांगू शकलो असतो की नवीन आलेले दोघे अजून शिकतायत, दोन महिने थांबा.

ते दोघेच गेले.