शनिवार-संध्याकाळच्या मुली

सार्वजनिक वाचनालय म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें लांबट टेबलें, त्यांवर पसरलेलीं वर्तमानपत्रें, भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी आणि त्या पाटीखालीं बसून डुलक्या घेणारे दोनचार वृद्ध गृहस्थ, असें चित्र उभें राहतें. चौदापंधरा वर्षांच्या मुलाला या चित्रांत जागा नसते. राजाराणीच्या गोष्टींस तो कंटाळलेला असतो आणि प्रौढांच्या दालनांत त्यास कोणी उभें करीत नाहीं. त्या वयांत मी स्वतः आमच्या गांवच्या वाचनालयांत एक प्रवासवर्णन मागावयास गेलों असतां 'वडिलांना पाठव' एवढेंच उत्तर घेऊन परत आलों होतों. पुस्तक पुढें वडिलांच्या नांवावर मिळालें. पण वाचनालयाशीं माझा स्नेह जुळावयास त्यानंतर बरींच वर्षें लागलीं.

असो. ही आठवण होण्याचें कारण असें कीं, ग्रंथालयांत कुमारवयीन मुलामुलींसाठीं नाट्यवाचन, चित्रकला, बुद्धिबळ, हस्तकला असे कांहीं उपक्रम कोणी सुरू केले, तर 'हें ग्रंथालयाचें काम नव्हे' असा आक्षेप चांगल्या सुज्ञ मंडळींकडूनही ऐकूं येतो. आक्षेप अगदींच टाकाऊ आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु तो घेण्यापूर्वीं बॉस्टन शहरांत सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं घडलेली एक हकीकत आक्षेपकांनीं ऐकून घ्यावी, इतकीच माझी विनंति आहे.

बॉस्टनचा नॉर्थ एंड हा त्या शहरांतील अत्यंत जुन्या वस्त्यांपैकीं एक. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीं, १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं, इंग्रज फौज निघाल्याची खूण म्हणून ज्या चर्चच्या मनोऱ्यावर दोन कंदील टांगण्यांत आले, तें चर्च याच भागांत आहे. आणि त्या रात्रीं घोड्यावरून दौडत जाऊन खबर पोंचविणारा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हियर याचें घरही येथेंच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या ऐतिहासिक भागाची कळा पार पालटली होती. प्रथम आयरिश लोक आले. ते सुस्थितींत येऊन बाहेर पडूं लागले, तेव्हां त्यांच्या जागीं रशियांतील छळाला कंटाळून निघालेले ज्यू आणि दक्षिण इटलींतील दारिद्र्याला कंटाळून निघालेले शेतकरी आले. आपल्या गिरणगांवांतील चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस त्या दाट वस्तीचें वर्णन निराळें करून सांगावयास नको.

या घरांतील मुलींची स्थिति मोठी चमत्कारिक होती. आईबापांची भाषा यिद्दिश किंवा सिसिलीकडील बोली. मुली मात्र शाळेंत इंग्रजी शिकलेल्या. वाण्याशीं, घरमालकाशीं, दवाखान्यांत डॉक्टराशीं बोलावयाचें तें या दहाबारा वर्षांच्या दुभाष्यांनींच. चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत कायद्यानें शाळा सक्तीची होती. तीं पुरीं झालीं कीं बहुतेक घरांत मुलाला पुढें शिकवितां येईल काय याचा विचार होई आणि मुलीला शिवणकामाच्या किंवा मिठाईच्या कारखान्यांत धाडण्यांत येई. हा न्याय आपल्या परिचयाचाच आहे; त्यासाठीं अमेरिकेंत जाण्याची गरज नाहीं.

नॉर्थ एंडमध्यें निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांची कन्या पॉलिन अगासी शॉ यांच्या आश्रयानें चाललेली नॉर्थ बेनेट स्ट्रीट इंडस्ट्रियल स्कूल नांवाची उद्योगशाळा होती व तिच्या इमारतींत एक लहानसें वाचनगृह असे. ईडिथ गेरियर ही १८७० सालीं जन्मलेली तरुणी बॉस्टनच्या ललितकला-संग्रहालयाच्या शाळेंत चित्रकला शिकण्यास आली होती; परंतु पोटासाठीं तिला उद्योगशाळेच्या पाळणाघरांत नोकरी धरावी लागली आणि तेथून ती या वाचनगृहाची व्यवस्था पाहूं लागली. चित्रकार होण्याचें तिचें स्वप्न मागें पडलें. त्याचा तिनें फारसा शोक केला नसावा, कारण शोकास वेळ मिळेल इतकी रिकामी ती पुढें कधीं राहिलीच नाहीं.

१८९९ सालीं गेरियरबाईंनीं कांहीं मुली जमवून वाचनमंडळ सुरू केलें. आरंभ अगदीं साधा : बाई गोष्ट सांगत, पुस्तक वाचून दाखवीत, मुली ऐकत व मग त्यावर बोलत. हळूहळू संख्या वाढली, तेव्हां वयोमानाप्रमाणें निरनिराळे गट पडले व प्रत्येक गटास त्याच्या वाराचें नांव मिळालें. शाळकरी मुलींचे गट आठवड्यांत जमत. ज्या मोठ्या झाल्या, कामावर जाऊं लागल्या, त्यांची सभा शनिवारीं संध्याकाळीं भरे. म्हणून त्यांचें नांव 'सॅटर्डे ईव्हनिंग गर्ल्स'. नांवांत काव्य मुळींच नाहीं. पण आठवडाभर सुई टोंचून शिणलेली सोळासतरा वर्षांची मुलगी शनिवारची संध्याकाळ, म्हणजे तिची स्वतःची म्हणण्यासारखी जवळजवळ एकुलती एक संध्याकाळ, वाचनगृहांत घालविते, हें लक्षांत आणलें म्हणजे त्या रुक्ष नांवाचा अर्थ कळतो.

तेथें काय चाले? व्याख्यानें होत, वाङ्मय, इतिहास व कला यांवर चर्चा होई, गाणें होई, लोकनृत्यें शिकवीत, नाटकें बसवीत. नाटकाची तयारी म्हणजे मूळ पुस्तक वाचणें आलें, पोषाख शोधण्यासाठीं चित्रांचे ग्रंथ धुंडाळणें आलें, उच्चार सुधारणें आलें. ग्रंथपालानें 'हें वाचा' असें शंभर वेळां सांगून जें घडत नाहीं तें एका नाटकानें घडतें, हा अनुभव आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनांतही मीं अनेकदां घेतला आहे. विशेष हें कीं, ज्यू आणि इटालियन कॅथॉलिक मुली येथें एका टेबलाशीं बसत. ज्यांचे आईबाप एकमेकांशीं क्वचितच बोलत, त्यांच्या मुली एकाच नाटकांत बहिणीबहिणी होत. १९१२ पासून या मुलींनीं 'एस्. ई. जी. न्यूज' नांवाचें स्वतःचें मासिक काढलें व तें १९१७ पर्यंत चालविलें. लेख त्यांचे, संपादनही त्यांचेंच.

मंडळाच्या पाठीशीं हेलन स्टॉरो ही धनिक बाई उभी राहिली नसती तर हा उद्योग वाचनगृहाच्या चार भिंतींबाहेर गेला नसता. तिनें समुद्राजवळ वेस्ट ग्लूस्टर येथें मुलींना सुटींत राहण्यासाठीं एक घर करून दिलें. १९०६ सालीं गेरियरबाई आपली मैत्रीण, चित्रकर्त्री ईडिथ ब्राऊन, हिच्यासह युरोपांत गेल्या असतां स्वित्झर्लंडमधील खेडवळ चित्रित भांडीं पाहून त्यांच्या मनांत विचार आला : आपल्या मुलींनीं असें काम कां करूं नये? मंडळांतील मुलींना कारखान्यांहून बरें काम मिळेल आणि विक्रीच्या पैशांतून मंडळांचा खर्चही निघेल. १९०८ सालीं स्टॉरोबाईंनीं हल स्ट्रीटवर १८ क्रमांकाचें घर घेऊन दिलें. त्याला नांव मिळालें 'लायब्ररी क्लब हाऊस'. तळाशीं भट्टी व कारखाना, वर मंडळांच्या खोल्या आणि सर्वांत वर दोघी ईडिथचें बिऱ्हाड. दोन कंदिलांचें तें जुनें चर्च हांकेच्या अंतरावर, म्हणून कारखान्याचें नांव 'पॉल रिव्हियर पॉटरी' ठेवलें. एका कारागिराचेंच नांव कारखान्याला मिळालें, हा योग चांगला जुळला.

वाडगे, पेले, फरशा, मुलांच्या न्याहारीचे संच असा माल तेथें होई. ब्राऊनबाई आकृति रेखाटीत. मुली ती भांड्यावर उतरवून काळ्या रेषेनें आंखीत व आंत सपाट रंग भरीत. बदकें, ससे, कोंबड्या, कमळें हे नेहमींचे विषय. बुडाशीं 'एस्. ई. जी.' हीं अक्षरें आणि रंगविणाऱ्या मुलीच्या नांवाचीं आद्याक्षरें. कारखान्यांतील मजूर बाईला आपल्या हातच्या वस्तूवर खूण करण्याचा हक्क त्या काळीं कोण देत होतें?

कामाचे तास आठ, शनिवारीं अर्धा दिवस, वर्षाकाठीं पगारी रजा. याचें मोल समजण्यासाठीं एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं, त्याच मॅसॅच्युसेट्स संस्थानांत कायद्यानें गिरण्यांतील स्त्रियांचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ वर आणले, तेव्हां मालकांनीं दोन तासांचा पगार कापला आणि त्यांतून जानेवारी १९१२ मध्यें लॉरेन्स येथील प्रसिद्ध संप भडकला. हल स्ट्रीटवर मुली रंग भरीत असत आणि एकजण त्यांना पुस्तक वाचून दाखवीत असे. माझ्या मतें या सर्व हकीकतींतील मर्माची गोष्ट हीच. ग्रंथालयांतून निघालेला उद्योग मातीच्या भांड्यांपर्यंत येऊन पोंचला, तरी पुस्तक त्यानें सोडलें नाहीं.

आतां दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हा कारखाना स्वतःच्या पायांवर कधींच उभा राहिला नाहीं. हातकाम सावकाशीचें, मजुरी बरी, भट्टींत फुटतूट व्हावयाची ती होणारच. भांड्याची किंमत वाढवावी तर गिऱ्हाईक नाहीं. तूट स्टॉरोबाईंच्या पिशवींतून भरून निघे. शिवाय मंडळाच्या सर्व मुलींना त्यांत काम मिळणें शक्यच नव्हतें. थोड्यांनाच मिळालें, बाकीच्या शिवणाच्या टेबलाशींच राहिल्या. १९१५ सालीं कारखाना ब्रायटन या उपनगरांतील टेकडीवर नव्या, हवेशीर इमारतींत गेला. हवा सुधारली, पण नॉर्थ एंडच्या मुलींपासून तो दूर पडला. ब्राऊनबाई १९३२ सालीं वारल्या, आणि १९४२ सालीं कारखाना बंद झाला.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. धनवंत बॉस्टनकर स्त्रियांनीं गरीब परदेशी मुलींना आपल्या अभिरुचीच्या सांच्यांत घातलें, त्यांना आईबापांच्या भाषेपासून व चालीरीतींपासून तोडलें, असें म्हणतां येईल. 'अमेरिकन बनविणें' हा त्या काळचा मंत्रच होता व अशा सत्कार्यांतून तो जपला जाई यांत संशय नाहीं. आपल्याकडील मिशनरी शाळांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा आक्षेप चटकन पटेल. मलाही तो बराचसा पटतो. परंतु याच मंडळांतील फॅनी गोल्डस्टीन हिचें चरित्र त्याच्या आड येतें. रशियांतून लहानपणीं आलेली ही मुलगी मंडळांत वाढली, 'एस्. ई. जी. न्यूज'ची संपादक झाली, पुढें बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयांत नोकरीस लागून १९२२ सालीं वेस्ट एंड शाखेची प्रमुख झाली. तेथें तिनें १९२५ सालीं ज्यू ग्रंथांचा सप्ताह भरविला. ती प्रथा पुढें अमेरिकाभर पसरली. ज्या ग्रंथालयानें तिला परकी भाषा दिली, त्याच ग्रंथालयांत तिनें आपल्या लोकांचे ग्रंथ मानानें मांडले. सांच्यांतून निघालेली मूर्ति असें करीत नाहीं.

अमेरिकेंत या वयाच्या मुलांकडे पुढें अनेक ग्रंथालयांचें लक्ष गेलें. न्यूयॉर्कला मेबल विल्यम्स हिनें १९१९ पासून त्यांच्यासाठीं निराळें काम उभें केलें. क्लीव्हलंडला १९२५ सालीं त्यांच्यासाठीं स्टीव्हन्सनच्या नांवाची खोली निघाली. आपल्या बाजूस पाहावयाचें तर श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणलें. तो १९१३ सालीं परतला, पण बडोद्याच्या ग्रंथालयांत मुलांना खेळावयास खोली असावी आणि खेडोपाडीं कंदिलाचीं व हलतीं चित्रें दाखवावीं, हें ग्रंथालयाचेंच काम होय, असें तेथील दरबारानें मानलें. त्या महाराजांना 'हें आमचें काम नव्हे' असें सांगण्याची कोणाची छाती झाली नसावी, हा भाग वेगळा.

गेरियरबाई १९२२ पासून १९४० पर्यंत बॉस्टनच्या शाखा-ग्रंथालयांच्या पर्यवेक्षक होत्या. १९५८ सालीं त्यांचें निधन झालें. शनिवारच्या मुली आई झाल्या, आज्या झाल्या, तरी मधूनमधून एकत्र जमत. त्यांचीं भांडीं, जीं त्या काळीं स्वतःचा खर्चही भरून काढीत नव्हतीं, तीं हल्लीं लिलावांत हजारों डॉलरांस जातात. सारा गॅल्नर ही त्यांच्यापैकीं एक कुशल रंगकर्ती. तिच्या भांड्यांचें प्रदर्शन बॉस्टनच्या ललितकला-संग्रहालयानें भरविलें होतें. गेरियरबाईंचें चित्रकलेचें शिक्षण त्याच संग्रहालयाच्या शाळेंत सुरू झालें होतें.