मळी, यीस्ट आणि वाऱ्यावरचे प्रथिन

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) आधुनिक इतिहास साखरेवाचून सांगता येत नाही. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या अखेरीस लोणीजवळ गाळप सुरू केलेला सहकारी कारखाना यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. साखर काढून उरणाऱ्या मळीपाशी मात्र आपण सारे नाक मुरडतो.

या मळीवर यीस्ट वाढते, आणि वाळलेल्या यीस्टचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो. जर्मनीने पहिल्या महायुद्धातच अन्न म्हणून यीस्ट वाढवले होते. दुसऱ्या महायुद्धकाळात ब्रिटिशांनी जमैकातील फ्रोम येथे उसाच्या मळीवर खाद्य यीस्टचा कारखाना उभारला. आमच्या जिल्ह्यात रीत पडली ती निराळी: यीस्टकडून मद्यार्क करून घ्यायचा. मद्यार्काला गिऱ्हाईक होते, हे कारण उघड आहे. शिवाय यीस्ट फार खाल्ल्यास त्यातील न्यूक्लिक आम्लांमुळे रक्तातले युरिक आम्ल वाढते. तथापि आम्हांस भाषेची साक्षही महत्त्वाची वाटते. विरजण काय किंवा आंबील काय, मराठीत सूक्ष्मजीव अन्न सिद्ध करणारा आहे. तो स्वतः अन्न नाही.

१९७२ च्या दुष्काळात कामांवरच्या मजुरांना सुकडी वाटावी लागली. प्रथिनांची भूक तेव्हा डोळ्यांपुढे होती. पण मळीला ऊस हवा, उसाला पाणी हवे. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीचे कालवे, दक्षिणेकडे पारनेर, कर्जत, जामखेडचे कोरडे माळ. मळीवरचे प्रथिन म्हणजे अखेर कालव्याचेच प्रथिन.

हायड्रोजनवर जगणारे जीवाणू हे नाते तोडतात. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आहारासाठी त्यांचा अभ्यास झाला. विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवायचा. जोडीला हवेतला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि थोडी खनिजे द्यायची. ऊस नको, शेतही नको. फिनलंडच्या सोलर फूड्स कंपनीच्या अशा पिठाला सिंगापूरने २०२२ मध्ये मान्यता दिली. २०२४ मध्ये व्हान्टा येथे तिचा कारखाना सुरू झाला. खर्चाचा मोठा वाटा विजेचा. इकडे पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरांवर या शतकाच्या आरंभापासून पवनचक्क्या फिरत आहेत, त्याही नेमक्या कालव्याने वगळलेल्या भागात.