तळटीप : मिक टेलर

* वर नुसता ‘नवा गिटारवादक’ म्हणून आलेला हा तरुण म्हणजे मिक टेलर (जन्म १९४९). एका कार्यक्रमाला एरिक क्लॅप्टन फिरकलाच नाही, तेव्हा कोवळ्या वयातल्या टेलरने मंचावरची त्याचीच गिटार उचलून जॉन मेयॉलच्या बँडला साथ दिली. पुढे मेयॉलने त्याला बँडमध्येच घेतलं.

जून १९६९मध्ये रोलिंग स्टोन्सने ब्रायन जोन्सच्या जागी त्याला बोलावलं. ३ जुलैला जोन्स गेला; ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कात, लाखोंच्या गर्दीपुढे, वीस वर्षांचा टेलर उभा राहिला.

स्टोन्सचा सर्वांत सुरेल काळ हाच. ‘स्टिकी फिंगर्स’ (१९७१) या अल्बममधल्या ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’चा शेवट जरूर ऐकावा: गाणं संपलं तरी वादक थांबले नाहीत, टेप फिरत राहिली आणि टेलरची गिटार गात सुटली. डिसेंबर १९७४मध्ये त्याने बँड सोडला.