प्रयागला जायची गाडी

१९८७ साली आमची अँबॅसडर वीस वर्षांची होती आणि तिला जुनी म्हणणारं गावात कुणी नव्हतं. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा ट्रॅक्टर पाच-सहा, मोटारसायकली दहाएक, एक जीप आणि ही. 'गाडी' म्हटलं की हीच. जुनी म्हणायची तर नवी कुठाय, हा सवाल होता. आणि नवी का नव्हती, त्याला पार दिल्लीपासूनचा इतिहास आहे.

मुंबईत जनरल मोटर्सवाले १९२८ सालापासून परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडत होते. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या गाड्यांची दारं हळूहळू बंद झाली. १९५३ साली टॅरिफ कमिशननं सांगितलं की, ज्यांना गाडी इथंच घडवायचीय त्यांनी राहावं, नुसती जोडणाऱ्यांनी निघावं. मग फोर्ड गेली, जनरल मोटर्स गेली. मोटारीसाठी मुख्यतः तीन नावं उरली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. प्रीमियर काढली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड नावाची गाडी उत्तरपाड्यात अँबॅसडर म्हणून बनू लागली १९५७ च्या सुमारास, आणि नाकडोळे जरा इकडंतिकडं करत ती तशीच २०१४ पर्यंत बनत राहिली. नवी गाडी हवी तर नाव नोंदवायचं नि वर्षानुवर्षं वाट बघायची. फियाटला तर विचारूच नका. त्यामुळं हाती आलेली गाडी मोडीत काढणं हे पाप होतं. ती एका हातातनं दुसऱ्या हातात, शहरातनं तालुक्याला, तालुक्यातनं गावात उतरत यायची.

आमचीही तशीच उतरत आलेली. १९६७ ची मार्क टू. आबांनी, म्हणजे आजोबांनी, १९७८ साली पुण्याच्या एका कंत्राटदाराकडनं घेतली, तो तिचा दुसरा मालक. हल्ली या गाडीचं फार कौतुक चालतं, ते ऐकलं की मला हसू येतं. स्टेअरिंग फिरवून दंड दुखायचे, पावसात पायाशी पाणी यायचं, आणि ब्रेक लावताना आधी देवाचं नाव घ्यावं लागायचं. पण पाट्यांवर बसलेली, उंच, जाड पत्र्याची ती गाडी आमच्या बैलगाडीच्या रस्त्यावर चालायची, आणि बिघडली तर गावात दुरुस्त व्हायची. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

दुरुस्त करणारे हात कुठनं आले, हेही सांगितलं पाहिजे. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी ऑईल इंजिनांचा कारखाना काढला आणि काही वर्षांत आमच्याकडं मोटेच्या जागी विहिरीविहिरीवर इंजिन बसलं. ते बंद पडलं की ऊस वाळायचा, म्हणून प्रत्येक गावात एक-दोघं तरी ते उघडून बसवायला शिकले. आमचे मिस्त्री त्यांतले. शाळा चौथी. पुढं काही वर्षं एसटीच्या डेपोत हेल्पर होते, तिथं वायरिंग नि ब्रेक शिकले. मग गावात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या, इंजिनं भंगारात गेली, आणि इंजिनावर बसलेला हात आमच्या गाडीला मिळाला.

आबा गाडी आणली त्या दिवशी आजीला म्हणाले होते, "हिच्यातनं तुला प्रयाग-काशी दाखवतो." ते राहिलं. गाडी नवरदेवांना नेण्यात, अडलेल्या बाया फलटणच्या दवाखान्यात पोचवण्यात, साप चावलेल्यांना घेऊन रात्री-अपरात्री पळण्यात गेली. भाडं आबांनी कधी घेतलं नाही, जमलं तर पेट्रोल टाकायचं. १९८६ च्या श्रावणात आबा गेले. थोड्या अस्थी आजीनं राखून ठेवल्या. त्या घरात ठेवत नाहीत, म्हणून तांब्याला फडकं बांधून गोठ्यामागच्या चिंचेला टांगल्या. दिवाळी झाली, ऊस तुटून गेला, तांब्या चिंचेलाच. आजी रोज सकाळी तिकडं एकदा बघायची आणि कामाला लागायची.

दादा म्हणाले, मनमाडवरनं रेल्वे आहे, थेट अलाहाबाद. आजी म्हणाली, "ज्या गाडीतनं न्यायचं बोलले, त्याच गाडीतनं जातील." विषय संपला. तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली नि विचारलं, "किती लांब?"

"जायलाच चौदाशे किलोमीटर."

"मग महिना लागंल."

महिना लागलाच. त्यातले आठ दिवस एकट्या रेडिएटरनं खाल्ले. आमच्या विहिरीचं पाणी जड, भांड्याला पांढरा खार धरतो. वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं. मिस्त्रींनी आधी धुण्याचा सोडा घालून इंजिन चालवलं, पाणी सोडलं, तर चुन्याच्या निवळीसारखं बाहेर आलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. रेडिएटर उतरवून ते कल्हईवाल्याकडं घेऊन गेले. त्यानं वरची टाकी डाग सोडवून उघडली. आतल्या निम्म्या नळ्या बुजलेल्या. पितळेची पातळ पट्टी एकेका नळीतनं वर-खाली सरकवत त्यानं दोन दिवस खार काढला, आणि नवसागर लावून कथलाचा डाग पुन्हा भरला. पैसे विचारले तर म्हणाला, "माझ्या पोरीला त्या रात्री याच गाडीतनं न्हेलं होतं." तिथनं पुढं रेडिएटरला विहिरीचं पाणी बंद. नीरा उजव्या कालव्याचं गाळून डब्यात भरायचं, असा मिस्त्रींचा हुकूम सुटला. थर्मोस्टॅट त्यांनी काढून ठेवला. कंपनीनं तो थंड मुलखासाठी घातलाय, आपल्याकडं नुसती अडचण, असं तेव्हाचे सगळेच मिस्त्री म्हणत.

रेडिएटर झाला तसं गाव येऊ लागलं. लोहारानं मागच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला, सहा माणसं नि सामान पेलावं म्हणून. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, त्यांच्या सिलिंडरची रबरं बदलली. मग हवा काढायला दोन माणसं लागतात, त्यासाठी मला गाडीत बसवलं. मिस्त्री चाकाखाली निपलशी. "दाब... धर... सोड." संध्याकाळपर्यंत माझा पाय थरथरायला लागला, पण पॅडल दगडासारखं झालं. कारखान्याच्या वर्कशॉपातल्या एकानं सायलेन्सर वेल्डिंग करून दिला. टायर ही मोठी बाब होती. पाच नव्वद-पंधराचे दोनच नवे जमले, बाकीचे रिमोल्ड. मिस्त्रींचा निकाल, नवे पुढं, रिमोल्ड मागं, कारण मागचा फुटला तर गाडी आवरता येते.

इंजिन ते सगळ्यात शेवटी ट्यून करायला बसले. पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ, प्लगचा पंचवीस. फिलर गेजची पानं गंजलेली, म्हणून प्लगला त्यांनी हॅक्सॉचं पातं घातलं. ते बरोबर पंचवीस थाऊ जाड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि चौथी शिकलेला माणूस इंचाच्या हजाराव्या भागात बोलत होता.

मग परीक्षा. माणसांच्या जागी ज्वारीची चार पोती टाकून गाडी वाईला नेली आणि पसरणी घाटात घातली. वर पाचगणीच्या अलीकडं थांबवून मिस्त्री खाली उतरले नि चारही चाकांच्या हबवर पाळीपाळीनं हात ठेवला. हात टिकला तर बेअरिंग ठीक. मागच्या डाव्या चाकाला हात लावला नि झटकन काढला. हँडब्रेकची केबल गंजून अडकत होती, शू ड्रमला घासत होता. हे सपाट रस्त्यावर कळलं नसतं. एक प्लग काढून त्यांनी तोंडाचा रंग बघितला. विटकरी. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर इंजिन तापतंय. बोलले काही नाहीत, विडी पेटवली. तात्यांना तेवढं पुरलं.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतनं आणले. दुकानदार ओळखीचा, बोली अशी की वापरलं नाही ते महिन्यात परत, पैसे कापून. फॅन बेल्ट, होज, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, हेडचं गॅस्केट असे एकूण चौदा नग. मिस्त्रींनी ते माझ्याकडनं वहीत लिहून घेतले आणि कुठलं गेलं की गाडी कशी वागते, तेही. कंडेन्सर गेला तर मिसफायर होऊन पॉइंट जळतात. पेट्रोल नळीतच उकळलं तर ओलं फडकं गुंडाळून थांबायचं, घाई करायची नाही. ते स्वतः येणार नव्हते. "मी आलो तर तुमी गाडीकडं ध्यान देणार न्हाई," असं त्यांनी तात्यांना तोंडावर सांगितलं.

माघात निघालो. सहा माणसं, आजीच्या मांडीवर तांब्या. गावानं निरोप दिला तो आजीला का गाडीला, सांगता येणार नाही, कारण हळदकुंकू दोघींना लागलं. अहमदनगर, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. तिथनं तेव्हाचा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. नाव राष्ट्रीय, रुंदी एका ट्रकची. समोरनं ट्रक आला की निम्मी गाडी मातीत उतरवायची. खवासा सोडल्यावर कुरईचा घाट लागतो. तात्यांचा डोळा काट्यावर, आमचा तात्यांवर. काटा मध्याच्या जरा वर गेला नि तिथंच राहिला. कल्हईवाल्याचे दोन दिवस तिथं वसूल झाले. जबलपूरच्या पुढं बेल्ट तुटला, अर्ध्या तासात बदलला. मैहरजवळ इंजिन फटफटायला लागलं. वही काढली, कंडेन्सर बदलला, चालू. चौथ्या दिवशी दुपारी गाडी संगमाच्या वाळवंटाकडं उभी राहिली. माघमेळ्याची गर्दी होती. आजी खाली उतरली, तांब्या एका हातात धरून दुसरा हात बॉनेटवर ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही. पुढचं सगळं विधीप्रमाणं झालं.

काशी करून परत यायला सारे मिळून सतरा दिवस लागले. घरी मावंदं घातलं तेव्हा आजीनं गंगेचा गडू उघडायच्या आधी मिस्त्री आलेत का विचारलं. आले नव्हते. कुणाची तरी जीप घाटात पडली होती, तिकडं गेलेले. त्यांचं ताट झाकून ठेवलं, ते रात्री दहाला येऊन जेवले, आणि जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले.

त्या आठवड्यात मी सुटे भाग घेऊन नाना पेठेत गेलो. चौदातले दोन वापरलेले. बाराच्या बारा परत होतील असं वाटलं होतं, पण गॅस्केट सामानाखाली दुमडलं होतं, ते दुकानदारानं घेतलं नाही. मिस्त्रींनी ते गॅरेजात खिळ्याला अडकवलं. दोन वर्षांनी आमच्या गाडीचं हेड उतरवलं तेव्हा त्यांनी ते काढून उजेडात धरलं, बोटानं घडी चाचपली, परत खिळ्याला अडकवलं आणि मला नवीन आणायला पाठवलं.